मायरनची नंबरप्लेट

मायरन क्लिमचॅकच्या गाडीला मागच्या बाजूला जी नंबरप्लेट होती, तिच्यावर आकड्यांच्या शेजारी एक जांभळं हृदय काढलेलं होतं. लढाईत जखमी होऊन ज्याला जांभळ्या फितीचं पदक मिळालं, त्यालाच सरकार तसली प्लेट देतं. दर रविवारी मायरन चर्चसमोर गाडी लावायचा आणि लिओ डुडाश बरोबर त्याच्या मागे. बाकी जागा रिकाम्या असायच्या, नाही असं नाही. पण दुखऱ्या दातावर जीभ फिरवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, तसला हा प्रकार होता. गाडी बंद करून लिओ ते हृदय नीट बघून घ्यायचा, मग खाली उतरून पलीकडचं दार उघडायचा आणि आपल्या म्हाताऱ्या आईला, थेक्लाला, हात द्यायचा.

आमच्या हेकलर गॅपमध्ये हेवा करण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. कोळशाच्या खाणी केव्हाच मिटल्या. शर्टांचा कारखाना गेला, त्याच्या मागोमाग तरुण पोरं गेली. उरले ते चर्चचे घुमट, दारूचे दोन गुत्ते आणि माजी सैनिकांचा क्लब. अशा गावात माणसाने जळायचं तरी कशावर? लिओने मायरनला धरलं होतं. मे महिन्यात सैनिकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या संचलनात मायरन उघड्या मोटारीत बसायचा आणि लिओ मागे पायी चालायचा. मायरनच्या छातीवर जांभळं पदक आणि शेजारी शौर्याचा ब्रॉन्झ स्टार. लिओच्या छातीवर, जो जो व्हिएतनामला जाऊन आला त्या प्रत्येकाला वाटलेली पदकं. चर्चच्या जत्रेत दोघंही बटाट्याची धिरडी तळायला उभे राहायचे, आमच्याकडे त्यांना ब्लीनी म्हणतात. कढया दोन, पीठ एकाच बादलीतलं, तरी रांग लागायची मायरनच्या कढईपुढे. लिओ म्हणायचा, लोकांना धिरडं लागत नाही, पदक लागतं.

त्याची बायको डोलोरेस हे ऐकून ऐकून विटली होती. ती म्हणायची, "तुझं धिरडं मधे कच्चं राहतं, लिओ. त्यात व्हिएतनामचा काही संबंध नाही."

पण लिओच्या लेखी सगळ्याचा संबंध व्हिएतनामशीच होता. दोघं एकाच टेकडीवर वाढलेले, एकाच वर्षी भरती झालेले. मायरनला सैन्याने मेडिक केलं, म्हणजे गोळ्या सुटत असताना पिशवी घेऊन जखमींकडे धावणारा. लिओ साधा शिपाई. नशिबाने दोघं एकाच तुकडीत येऊन पडले. एका दुपारी भाताच्या शेतांच्या कडेला तोफगोळा फुटला आणि त्याचा तुकडा लिओच्या डाव्या खांद्याच्या पात्यात घुसला. मायरनने चिखलात त्याच्यावर ओणवं होऊन तो चिमट्याने ओढून काढला, निदान त्यातला हाती लागला तेवढा. पट्टी बांधली. हेलिकॉप्टर आलं ते लिओपेक्षा वाईट अवस्थेतल्या पोरांना घेऊन गेलं आणि लिओ आठवड्याभरात पुन्हा बंदूक घेऊन चालू लागला. जखमीच्या शर्टाला मेडिकने चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवरून नोंद व्हायची, नोंदीवरून पदक मिळायचं. लिओची चिठ्ठी कधी पुढे गेलीच नाही. सैन्याच्या दप्तरात लिओ डुडाशला ओरखडाही उठलेला नव्हता.

पुढे दीडेक महिन्याने मायरन स्वतः पडला. दोन पोरांना ओढून आणताना पोटात गोळी लागली. त्याची मात्र सगळी नोंद झाली.

मायरननेच मुद्दाम चिठ्ठी लिहिली नाही, असं लिओचं ठाम मत होतं. गावात वीर एकच असावा आणि तो आपण असावं, एवढ्यासाठी. हे तो तोंडावर कधी बोलला नाही. मायरन भेटला की लिओ हसायचा, हात मिळवायचा, नाताळात मध घालून उकळलेली व्हिस्की त्याच्याबरोबर प्यायचा आणि घरी येऊन डोलोरेसचं डोकं खायचा.

त्या वर्षीचं आणखी एक दुखणं होतं, पण ते लिओ बायकोपाशीसुद्धा बोलत नसे. त्या काळी जखमी झाल्याची तार घरी टॅक्सीवाला आणून द्यायचा. गावात टॅक्सी एकच, हिरवी. ती टेकडी चढू लागली की दारादारांतून बाया ओसरीवर यायच्या आणि कुणाच्या दारात थांबते ते बघत उभ्या राहायच्या. मायरनची तार आली तेव्हा टॅक्सी डुडाशांच्या घरावरून पुढे गेली आणि क्लिमचॅकांच्या दारात थांबली. मायरनची आई ओल्गा तार हातात घेण्याआधीच पायरीवर कोसळली. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. तारेत फक्त मुलगा जखमी आहे, उपचार चालू आहेत, एवढंच होतं. पुढची सात वर्षं ती खाटेवर होती आणि परत आलेल्या मायरनने तिचं सगळं केलं. त्यात लग्न राहून गेलं. लिओ घरी परतला तेव्हा त्याला आणायला स्टेशनवर आई एकटी आली होती. गाव सगळं भांडी भरभरून जेवण घेऊन क्लिमचॅकांकडे गेलेलं. ते सुद्धा लिओच्या मनात राहिलं. माणूस इतका कोता असू शकतो का? असू शकतो.

आता लिओच्या चौसष्टाव्या वर्षी हे सगळं उकरून निघालं ते एका दगडामुळे. गावच्या चौकात काळ्या दगडाचं स्मारक उभं करायचं ठरलं. युद्धात रक्त सांडलेल्यांची नावं त्यावर कोरायची, आणि नाव घालायचं ते सैन्याच्या दप्तरात असेल तरच, कारण मागे शेजारच्या गावात एका फेकाड्याचं नाव कोरलं गेलं आणि मग छिन्नीने काढावं लागलं होतं. क्लबात यादी वाचली गेली. क्लिमचॅक आलं. डुडाश आलं नाही. लिओ खुर्चीवरून उठला आणि बिअर अर्धी टाकून घरी गेला. त्या रात्री त्याने डोलोरेसला सांगितलं की दप्तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय तो मरणार नाही.

"मग घाई करू नकोस," ती म्हणाली.

जिल्ह्याच्या गावी माजी सैनिकांच्या कचेरीत मिस ट्रेस्को नावाची बाई होती. वयाने लिओच्या मुलीएवढी, पण कामाला चोख. तिने त्याचा अर्ज भरून दिला, खांद्याचा एक्सरे जोडला. एक्सरेत लोखंडाचा कण स्पष्ट दिसत होता. वर्षभराने उत्तर आलं: नाही. मिस ट्रेस्कोने त्याला समोर बसवून समजावलं. एक्सरेत लोखंड दिसतं, मिस्टर डुडाश, ते कधी आणि कुणी घुसवलं ते दिसत नाही. ज्याने त्या दिवशी जखम बांधली त्याने शपथेवर लिहून द्यायला हवं, मग निकाल दोन-तीन आठवड्यांत लागतो. तो मेडिक हयात आहे का?

लिओने खिडकीबाहेर बघितलं. आहे, म्हणाला.

"कुठे असतो?"

"आमच्या घरापासून वर तिसरं घर."

बाईने पेन खाली ठेवलं आणि काही विचारलं नाही. शहाणी होती.

तरी लिओने आणखी दोन महिने काढले. दुसरा कुणी साक्षीदार सापडतो का बघितलं. त्यांचा लेफ्टनंट वारला होता. ओहायोतला एक जण सापडला, पण त्याला लिओ आठवत नव्हता. मायरन आठवत होता. "तो मेडिक ना? फार भला माणूस," तो फोनवर म्हणाला. लिओच्या अंगाचा तिळपापड झाला. दगड घडवून आला, नावं कोरायला कारागीर पुढल्या महिन्यात येणार असं ठरलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. जत्रेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी लिओ ती तीन घरं चढून गेला.

आमच्याकडे वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला असतं आणि खरा स्वयंपाक तळघरात होतो. मायरन तळघरात होता. टेबलावर कांद्याचा ढीग, जत्रेच्या ब्लीनींसाठी. त्याने डोळे पुसत लिओकडे बघितलं, पायाने खुर्ची पुढे सरकवली आणि कांद्यामुळे पाणी येतंय, गैरसमज नको, असं म्हणाला. लिओ बसला. सुरी दिसली म्हणून त्यानेही एक कांदा घेतला. हात रिकामे ठेवून हे बोलणं त्याला जमलं नसतं.

"माझा कागद अडलाय," तो म्हणाला. "खांद्याचा. तू लिहून दिलंस तर सुटेल."

मायरनची सुरी थांबली. "कधी मागतोस याची वाट बघत होतो मी."

"मग आपणहून का नाही दिलंस?"

"आपणहून कसं देऊ? तूच नको म्हणालेलास."

लिओला वाटलं, म्हातारा चळला. पण मायरन शांतपणे सांगत होता. पट्टी बांधून झाली होती. चिठ्ठी काढली होती, पेन्सिल हातात होती, डुडाश एवढं लिहूनही झालं होतं.

"तू माझं मनगट धरलंस. म्हणालास, मायरन, टॅक्सी आपल्या टेकडीवर पाठवू नकोस. बाप जाऊन वर्ष झालेलं नाही. दारात टॅक्सी बघितली तर आई तिथेच मरेल."

"खोटं आहे."

"मी चिठ्ठी चुरगाळून चिखलात दाबली. दुसऱ्या कुठल्या गावचा मेडिक असता तर त्याने तुझं ऐकलं नसतं, लिओ. त्याला काय कळणार टॅक्सी म्हणजे काय."

खोटं आहे, असं लिओ दुसऱ्यांदा म्हणायला गेला आणि त्याला घड्याळाचा पट्टा आठवला. ओला चामड्याचा पट्टा, त्याच्या बोटांखाली. ते मनगट त्याला नेहमीच आठवत आलं होतं. वेदनेने धरलं असेल, असं तो समजून चालला होता. आता त्या मनगटाच्या मागोमाग बाकीचंही आलं. खाणीचं छत कोसळून बाप गेला तेव्हा कंपनीची गाडी दारात उभी होती आणि आईने तिच्या टपावर मुठी मारल्या होत्या, ते आलं. आणि आपलाच आवाज आला, विशीतला, विनवण्या करणारा. इतकी वर्षं ज्या चोरीच्या नावाने तो जळत होता, ती त्याने स्वतःच मागून घेतलेली होती.

"मी लिहून देतो," मायरन म्हणाला. "उद्या बँकेत जाऊ, तिथे शपथेचा शिक्का मारतात. पण तू आलाच आहेस तर माझंही एक ऐक. मला कुणी विचारलं नाही. पोटात गोळी लागली तेव्हा मी शुद्धीवरच नव्हतो, कुणाचं मनगट धरणार? तुमच्या दारावरून पुढे गेली ती टॅक्सी, आमच्याकडे आली."

"माहीत आहे रे."

"माहीत नाही तुला. चर्चसमोर मी दर रविवारी तुझ्या आधी येऊन गाडी लावतो. का लावतो? आरशातून दिसतं म्हणून. तू उतरतोस, दार उघडतोस, थेक्लाबाईंना हात देतोस, त्या तुझ्यावर खेकसतात, तू हसतोस. मी बसून बघतो आणि जळतो. अरे, एकदा तर मनात आलं की लिहायलाच हवी होती ती चिठ्ठी." त्याने कांदे सुरीने एका बाजूला लोटले. "देवाने माफ करावं. पण आलं मनात."

लिओने पुढचा कांदा घेतला. खरं सांगायचं तर आधी त्याला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यावर जळत होतं, आणि तो मायरन होता. ते सुख दोन कांदे चिरेपर्यंत टिकलं. मग आपल्याला सुख झालं याची त्याला भयंकर शरम वाटली आणि तो मान खाली घालून चिरत राहिला. उठताना मायरनने त्याच्याकडचे कांदे बघितले आणि हे इतके जाडे चिरतोस म्हणून तुझी धिरडी कच्ची राहतात, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत शिक्का झाला. मायरनने दोन पानं भरून लिहिलं होतं. तोफगोळा, खांदा, चिमटा, सगळं, आणि चिठ्ठी का लिहिली नाही तेही. लिओ पाकीट घेऊन घरी आला. दाराशी आई बसलेली होती. आमच्याकडची घरं जोडीची, मधली भिंत एक. अर्ध्यात लिओ आणि डोलोरेस, अर्ध्यात थेक्ला. सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी ओसरीवर मांडीत पातेलं घेऊन वाटाणे सोलत होती. लिओ शेजारच्या पायरीवर बसला. खांद्याच्या जखमेबद्दल त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं, आता सांगावंच लागणार होतं. दगडावर नाव आलं की ती वाचणारच.

तेवढ्यात चढावावरून एक गाडी आली. इस्पितळाची पांढरी गाडी, कुणाला तरी तपासणीला न्यायला आलेली. थेक्लाचे हात थांबले. गाडी त्यांच्या घरावरून पुढे गेली, वळणाआड झाली, तेव्हा पुन्हा वाटाणे पातेल्यात पडू लागले. लिओने हे हजारदा बघितलं असेल. म्हातारी दमते, मधेच थांबते, असं तो समजायचा.

"आई, गाडी बघून थांबतेस का तू?"

"सवय," ती म्हणाली. "तू तिकडे होतास ना, तेव्हा टॅक्सी आली की मी म्हणायची, पुढे जा, पुढे जा. सगळ्याच म्हणायच्या. त्या दिवशी मी म्हटलं आणि गेली पुढे. ओल्गाकडे." तिने एक शेंग सोलली. "सात वर्षं सूप नेऊन दिलं तिला. तिच्या डोळ्यांत बघायची हिंमत नाही झाली. पण तू धड आलास. देवाने माझं ऐकलं, एवढं धरून मी जगले."

पाकीट लिओच्या मांडीवर होतं. तिने ते काय आहे विचारलं. बँकेचं काहीतरी, असं तो म्हणाला आणि तिच्या पातेल्यातले दोन वाटाणे तोंडात टाकून आत गेला.

डोलोरेसला त्याने सगळं सांगितलं. पाकीट पाठवलंस का, तिने विचारलं. नाही, म्हातारी आहे तोवर नाही, तो म्हणाला. तिने त्याच्याकडे टक लावून बघितलं. एवढी वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आता हातात आलं तर पाठवत नाहीस, असं म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, आणि त्या दिवशी तिने त्याला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. मिस ट्रेस्कोने फोनवर सांगितलं की कागद कधीही चालेल, साक्षीदार राहिला नाही तरी चालेल, पण दगडावर मागाहून जागा उरेल याची खात्री कुणी देणार नाही. लिओ बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र तो मागच्या अंगणात गेला आणि काहीही कारण नसताना कोळशाच्या रिकाम्या बादलीला लाथ मारली. त्याला ते नाव हवं होतं. अजूनही हवं होतं.

स्मारकाचं उद्घाटन एका रविवारी चर्चनंतर झालं. बिगुल वाजला, क्लबातल्या म्हाताऱ्यांनी बंदुका झाडल्या, पांढरं कापड निघालं. लिओ आईला धरून मागे उभा होता. गर्दी पांगली तशी थेक्लाने दगडाजवळ न्यायला सांगितलं. चष्मा असूनही ती बोटाने वाचते. तिचं बोट अक्षरांवरून खाली खाली आलं आणि क्लिमचॅकवर थांबलं.

"बिचारी ओल्गा," ती म्हणाली. मग वर बघून, अभिमानाने, जरा मोठ्यानेच: "आणि आपलं नाव नाही बघ यात. देवाची कृपा."

मायरन दोन पावलांवर होता. त्याने ऐकलं. लिओ म्हणाला, "हो आई."

थेक्लाने मायरनला बघितलं आणि मोकळा हात त्याच्यापुढे केला. उतार आहे, तूही धर, म्हणाली. मग तिघं निघाली. मधे म्हातारी, डावीकडे मायरन, उजवीकडे लिओ. मायरन तिला कांदे बारीक चिरण्याबद्दल काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. इतकी ती लिओबरोबर कधी हसत नसे. अर्ध्या उतारावर लिओच्या लक्षात आलं की म्हातारीने सगळा भार मायरनच्या हातावर टाकलाय. मायरनचा चेहरा लिओने असा उजळलेला कधी बघितला नव्हता. आता काही वर्षं, निदान काही रविवार, हे त्याला द्यायला हरकत नव्हती. लिओला ते पुरतं कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"आई," तो म्हणाला, "इकडे टेक. माझा खांदा धड आहे."

मायरनने मान दुसरीकडे वळवली. थेक्लाने हात काढून लिओच्या डाव्या खांद्यावर ठेवला, भार टाकला, आणि लिओ तिला तशीच गाडीपर्यंत घेऊन गेला.